गांडूळ इथलं की बाहेरचं? पट्टा, केस आणि छिद्रं पाहून ओळखायची रीत

पाऊस लागला की मला गांडुळांचे फोटो यायला लागतात. कुणी नारळाच्या आळ्यातलं पाठवतं, कुणी अंगणातलं, कुणी देवराईतल्या वाटेवरचं. खाली प्रश्न ठरलेला: "बाई, हे आपलं की बाहेरचं?" आणि फोटो बहुतेक वेळा पाठीचा असतो. पाठीच्या फोटोवरून मी सहसा उत्तर देत नाही. गांडुळाची ओळख असते पोटाच्या बाजूला आणि पुढच्या तिसेक खंडांमध्ये, म्हणजे अंगावरच्या कड्यांमध्ये. रंग फसवतो, लांबी तर त्याहून जास्त फसवते.

सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात मी वर्षानुवर्षं प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत आले. मुलांना शिकवताना जी रीत बसत गेली ती इथे लिहिते. दहापट मोठं दाखवणारं एक भिंग आणि थोडी चिकाटी असली की शेतकऱ्यापासून शाळेतल्या मुलापर्यंत कुणालाही ती जमते. ही रीत मुख्यतः कोकण आणि घाटमाथ्यासाठी आहे. हिमालयात किंवा ईशान्य भारतात ती जशीच्या तशी लावू नका, तिथली मूळ गांडुळं वेगळी आहेत.

एक गोष्ट आधीच मनातून काढून टाकायला हवी. प्राणिशास्त्राच्या वहीत पिढ्यानपिढ्या ज्याची आकृती काढली गेली ते फेरेटिमा पोस्थुमा, आजच्या नावाने मेटाफायर पोस्थुमा, हे आपल्याकडचं मूळचं गांडूळ नाही. त्याचं घर आग्नेय आशियात. माणसाबरोबर, रोपांच्या मुळांच्या मातीबरोबर ते पसरलं आणि ओलिताच्या जमिनीत, बागांत, नदीकाठच्या मळ्यांत इतकं रुळलं की अभ्यासक्रमात तेच "गांडूळ" म्हणून बसलं. याचा परिणाम मी वर्गात बघत आले आहे. मुलं "क्लायटेलम १४, १५, १६" (अंगावरचा पट्टा या तीन खंडांवर) पाठ करून येतात आणि बांधावर सापडलेल्या आपल्या अस्सल देशी गांडुळावरही तेवढेच तीन खंड मोजतात, चौथा समोर दिसत असूनही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की पाठांतर बाजूला ठेवा आणि समोरच्या प्राण्यावर मोजा.

कधी आणि कसं शोधायचं

जुलै ते सप्टेंबर हा काळ उत्तम. माती आतपर्यंत भिजलेली असते आणि प्रौढ गांडुळं वरच्या थरात सापडतात. प्रौढच हवं, कारण ओळखीच्या बहुतेक खुणा प्रौढावरच उमटतात. पंचवीस सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन आखून तीस सेंटिमीटर खोल माती काढायची, ती गोणपाटावर पसरून हाताने फोडत जायचं. फावड्याचे घाव जितके कमी तितकी गांडुळं अखंड मिळतात. वरचा पालापाचोळा वेगळा चाळा, कारण पाल्यात राहणारी आणि मातीत राहणारी गांडुळं वेगवेगळी असतात. कोण कुठे मिळालं ही नोंद पुढे उपयोगाला येते.

मिळालेलं गांडूळ पाण्याने हलकेच धुऊन पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीत ओल्या कागदावर ठेवा. उन्हात ठेवू नका. हाताला साबण, मीठ, डासांचं मलम काहीही लागलेलं नको, त्याची कातडी म्हणजेच त्याचं फुप्फुस. वळवळ फार असेल तर मी झिपची पारदर्शक पिशवी वापरते. आत थोडं पाणी, गांडूळ सरळ करून पिशवी हलक्या हाताने सपाट धरायची, की पोट भिंगाखाली स्वच्छ दिसतं. पाठ-पोट दोन्ही बघून होतं आणि प्राणी जिवंत राहतो. मारून बाटलीत भरण्याची गरज दहातल्या नऊ वेळा नसते.

आणि हो, आधी ते गांडूळच आहे ना हे बघा. आंबोलीकडे किंवा घाटाच्या पायथ्याला जाड, गुळगुळीत, वळ्यावळ्यांचं काही मिळालं आणि त्याला जबड्याचं तोंड असेल, तर ते देवगांडूळ. बेडकाच्या गोतातलं उभयचर, गांडुळाशी त्याचं काही नातं नाही. आंबोलीतून तर त्यांची एक जात २००३ साली जगाला नव्याने कळली. त्याला अजिबात हाताळू नका, होतं तिथे पाल्याखाली सोडा. आणि बारीक, कोरडं, चकचकीत, जीभ बाहेर काढणारं असेल तर तो वाळा, म्हणजे साप, तोही बिनविषारी. हा वाळा इथे मुद्दाम आठवतो. त्याच्यात फक्त माद्या असतात, नर लागतच नाही, आणि कुंड्यांच्या मातीतून तो जगभर पोचला आहे. गांडुळांतही असा एक प्रवासी आहे, त्याच्याकडे पुढे येते.

खंड मोजायची शिस्त

सगळी ओळख "कितव्या खंडावर काय" यावर उभी आहे, म्हणून मोजणी चुकली की सगळंच चुकतं. मोजायला सुरुवात नेहमी डोक्याकडून करायची. डोकं कुठलं? पट्टा ज्या टोकाजवळ असतो ते. पट्टा दिसत नसेल तर गांडुळाला चालू द्या, पुढे सरकताना जे टोक निमुळतं होऊन चाचपडतं ते डोकं.

अगदी टोकाला तोंडावर झुकलेला एक छोटा ओठ असतो. तो मोजायचा नाही. ज्या कड्यात तोंड उघडतं तो पहिला खंड, आणि त्यावर केस नसतात. दुसऱ्यापासून केस सुरू होतात. आता खरी अडचण: पुढच्या भागातल्या खंडांवर आडव्या जादा सुरकुत्या असतात, काही जातींत प्रत्येक खंडावर दोन-दोन, तीन-तीन. खाचा मोजत गेलात तर दहाचे वीस होतील. म्हणून खाचा मोजू नका, केसांच्या आडव्या ओळी मोजा. केसांची एक ओळ म्हणजे एक खंड, हा नियम बिघडत नाही. मी टूथपिकने एकेका ओळीला टेकत जाते आणि मोठ्याने मोजते. मुलांनाही जोडीने करायला लावते, एक मोजतो, दुसरा लिहितो.

शेपटीकडून कधीही मोजू नका. शेपूट तुटून पुन्हा वाढलेली असू शकते.

पहिला प्रश्न: केस आठ की गोल कडंभर?

प्रत्येक खंडावर बारीक राठ केस असतात. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर खरखर लागते ती त्यांचीच. भिंगाखाली धडाच्या मध्यावरचा एखादा खंड निवडा, कारण दोन्ही टोकांना मांडणी बदलू शकते. तिथे दोनच शक्यता: एकतर केस खंडाभोवती माळेसारखे सगळीकडे, पन्नास, साठ, शंभर. नाहीतर फक्त आठ, बहुतेकदा दोन-दोनच्या चार जोड्यांत.

इतकं करूनच निम्मं काम होतं. मात्र लक्षात ठेवा, आठ केस म्हणजे परदेशी आणि माळ म्हणजे देशी असं समीकरण नाही. दोन्ही गटांत दोन्हीकडची गांडुळं आहेत. केस फक्त पुढची वाट दाखवतात.

माळ असेल तर पट्ट्याचे खंड आणि त्यामागची मोकळी जागा

पट्टा म्हणजे क्लायटेलम, प्रौढ गांडुळाच्या अंगावरचा फुगीर, वेगळ्या रंगाचा भाग. यातूनच अंड्यांचा कोष तयार होतो. माळेच्या गटात आपल्याकडे मुख्य तीन मंडळी.

पट्टा पूर्ण गोल, गुळगुळीत, अंगठीसारखा घट्ट, आणि बरोबर तीन खंडांवर, १४ ते १६: हे मेटाफायर किंवा अमिंथास. कोकणापुरतं बोलायचं तर हे बाहेरून आलेले. पोस्थुमाची खूण तर फार ठळक आहे. पोटाकडून बघा, पट्ट्याच्या मागे दोन उभ्या ओळींत सहा ठिपके दिसतील. १७ वर एक जोडी, १८ वर एक, १९ वर एक. मधली जोडी म्हणजे नराची छिद्रं (एकाच गांडुळात नर आणि मादी दोन्हींचे अवयव असतात, त्यातल्या नर-अवयवांची ही छिद्रं), आधीची आणि नंतरची जोडी म्हणजे नुसते गोल उंचवटे. ही सहा ठिपक्यांची मांडणी एकदा पाहिली की विसरायला होत नाही.

पट्टा चार खंडांवर, १४ ते १७: हे बहुधा लॅम्पिटो मॉरिटी, आपलं देशी. दख्खन आणि दक्षिण भारतातल्या शेतजमिनीत सगळ्यात सहज मिळणारं. करडं-पिवळसर अंग, पुढे जांभळट झाक. नाव मॉरिशसचं असलं तरी घर इथलंच, त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन फक्त तिकडून आलेल्या नमुन्यावर झालं.

आता तीन की चार हे ठरवायचं कसं, कारण पट्ट्यावरच्या खाचा आणि केस पुसट होतात आणि तिथे मोजणी अडते. याला एक सोपी युक्ती आहे, आणि या सगळ्या लेखातली मला सगळ्यात आवडती तीच. पट्ट्यावर मोजूच नका, पट्ट्याच्या मागे बघा. दोन्ही गांडुळांत नराची छिद्रं १८ व्या खंडावर असतात. मेटाफायरचा पट्टा १६ ला संपतो, त्यामुळे पट्टा आणि नराची छिद्रं यांच्यामध्ये एक आख्खा खंड मोकळा राहतो. लॅम्पिटोचा पट्टा १७ पर्यंत जातो, म्हणून छिद्रं पट्ट्याला लागूनच असलेल्या खंडावर येतात. मध्ये खंड आहे, बाहेरचं. मध्ये खंड नाही, आपलं. फक्त पोस्थुमाचा १७ वरचा उंचवटा छिद्र समजू नका. लॅम्पिटोला एकच जोडी असते, मागे-पुढे उंचवटे नसतात. आपल्या मुळच्या मेगास्कोलेक्स वंशातही केसांची अशीच माळ असते, आणि त्यातल्या एका जातीला, मेगास्कोलेक्स कोंकणेन्सिसला, कोकणाचं नाव आहे. तिच्यासारखं काही मिळालं आणि वरच्या दोन्ही खुणांत बसेना, तर ते जपून बाजूला ठेवण्यासारखं आहे.

तिसरं पेरिओनिक्स. पाठ गडद जांभळी, पोट फिकं, उजेडात चमक, आणि हात लावताच उसळी मारणारं. पट्टा साधारण १३ ते १७, आणि नराची छिद्रं १८ वर पण एकमेकांच्या अगदी जवळ, पोटाच्या मध्यरेषेवरच्या एका खळग्यात. इतर दोघांत ती दूरदूर असतात. पेरिओनिक्स हा वंश मुळात भारताकडचा आणि पूर्वेच्या देशांचा, पण त्यातली एक्सकॅव्हेटस ही जात गांडूळखताच्या हौदांतून सगळीकडे नेली गेली आहे. म्हणून तिच्यापुढे मी "देशी" लिहिते, पण "या जागेची" असं लिहीत नाही. देशातल्या देशात केलेली हलवाहलवही एका डोंगराच्या दृष्टीने बाहेरचीच.

आठ केस असतील तर पट्टा कुठे आहे ते बघा

इथे गर्दी जास्त आहे, पण पट्ट्याची जागा बऱ्यापैकी निवाडा करते.

पट्टा खूप मागे, चोवीस-सव्वीसाव्या खंडाच्या आसपास सुरू होऊन बत्तीसपर्यंत, आणि खोगिरासारखा फक्त पाठीवरून दोन्ही कुशींपर्यंत आलेला, पोट मोकळं: हे युरोपचं आयसेनिया फेटिडा. अंगावर लालसर-तपकिरी आणि फिकट पट्टे आलटूनपालटून असतात. दाबलं की पिवळट उग्र वासाचा द्रव सोडतं. नराची छिद्रं पट्ट्याच्या बरीच पुढे, १५ व्या खंडावर. हे हौदात किंवा उकिरड्यात मिळतं, साध्या मातीत क्वचितच तग धरतं.

मागचा पट्टा म्हणजे युरोप, असं मात्र लगेच ठरवू नका. भातखाचराच्या किंवा ओढ्याच्या चिखलात ग्लिफिड्रिलस नावाचं आपलं देशी गांडूळ असतं, त्याचाही पट्टा मागे आणि लांब असतो. त्याची शेपूट हातात घेतली की चौकोनी लागते, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पातळ पंखासारख्या झालरी असतात. या दोन खुणा दिसल्या की शंका उरत नाही. चिखलात बूड रोवून राहणारा हा प्राणी मला फार देखणा वाटतो आणि तो बघायला लोक जात नाहीत याचं वाईट वाटतं.

पट्टा १४ ते १८ च्या आसपास, अंग जांभळट-लाल आणि त्यावर निळसर चमक: पश्चिम आफ्रिकेचं युड्रिलस युजेनी, हौदातला दुसरा पाहुणा. १४ व्या खंडावर दोन्ही बाजूंना मोठी, भिंगाशिवायही दिसतील अशी मादीची छिद्रं असतात आणि नराची छिद्रं पट्ट्याच्या मागच्या टोकाशी, १७ आणि १८ मधल्या खाचेजवळ. रंगामुळे याची पेरिओनिक्सशी गल्लत होते. केस मोजले की गल्लत संपते: याला आठ, पेरिओनिक्सला माळ.

पट्टा १३ ते १७, आणि त्याच्या मागे पोटावर १७ ते १९ या खंडांत डावी-उजवीकडे एकेक छोटी उभी चीर: हे ऑक्टोकीटोना, आपलं देशी. त्या चिरेच्या दोन टोकांना, म्हणजे १७ आणि १९ वर, छिद्रं असतात. अशीच रचना डायकोगॅस्टरमध्येही आहे, आणि त्यातल्या डायकोगॅस्टर बोलाउई सारख्या जाती आफ्रिकेतून आलेल्या. त्या दोन ते चार सेंटिमीटरच्या बारीक गुलाबी धाग्यासारख्या असतात. शेणाखाली, विटांखाली, मोरीच्या ओलीत मिळतात. पट्टाही लांब, विसाव्या खंडाच्या आसपास जाणारा. इतकं बारीक असूनही पट्टा पूर्ण आलेला असेल, तर ते पिल्लू नाही, प्रौढ डायकोगॅस्टर आहे.

सगळ्यात अवघड जोडी

आता राहिले दोघे, आणि माझ्या मते कोकणात खरी लक्ष देण्याची जोडी हीच: पोन्टोस्कोलेक्स आणि ड्राविडा. दोघांनाही आठच केस. दोघेही मातीच्या आत राहणारे. बरेचदा दोघेही फिके. दोघांच्याही पाठीच्या मध्यरेषेवर छिद्रं नसतात. लॅम्पिटो, मेटाफायर, आयसेनिया यांना खंडांमधल्या खाचांत एकेक सूक्ष्म छिद्र असतं, त्रास दिला की त्यातून द्रव झिरपतो. पाठ ओलसर पुसून भिंगाने बघा, थेंब दिसला तर ही जोडी बाद.

पोन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस हे दक्षिण अमेरिकेचं. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्युलर यांनी १८५७ साली ब्राझीलमधून त्याचं वर्णन केलं, आणि आज उष्ण पट्ट्यात ते जवळजवळ सर्वत्र आहे. केरळच्या आणि त्रिपुराच्या रबराच्या मळ्यांत तर त्याचंच राज्य आहे. वर वाळ्याबद्दल जे लिहिलं ते यालाही लागू: जोडीदाराशिवाय त्याला पिल्लं होतात. कुंडीतून एक जरी गेलं, किंवा मातीच्या ढेकळात एखादा कोष गेला, तरी नव्या जागी वंश सुरू होऊ शकतो.

त्याची खूण शेपटीकडे आहे. पुढच्या भागात आठ केस नीट जोड्यांत असतात, पण मागे जाता जाता जोड्या फाकतात आणि शेवटच्या भागात एका खंडावरचे केस पुढच्या खंडावरच्या केसांच्या मधल्या जागेसमोर येतात, बुद्धिबळाच्या पटासारखे आलटूनपालटून. शिवाय तिथले केस मोठे आणि जाड असतात. शेपटीकडून बोट उलटं फिरवलं की ब्रशसारखं टोचतं. जिवंत गांडुळाची शेपूट ओल्या बोटांत धरून भिंगाखाली फिरवा, ही मांडणी दिसली की निकाल लागला, दुसरं काही बघायची गरज नाही. पट्टा खोगिरासारखा, साधारण १५ ते २२ वर, पिवळट-नारिंगी. तोंडाचं टोक लांब सोंडेसारखं बाहेर काढून आत ओढून घेतं.

ड्राविडा हे आपलं. भारताच्या दक्षिणेत त्याच्या कितीतरी जाती आहेत, काही बोटभर तर काही हातभर लांब. याला ओळखायला लोक चुकतात त्याचं कारण म्हणजे याचा पट्टा. इतर गांडुळांचा पट्टा पेशींच्या अनेक थरांचा आणि म्हणून फुगीर असतो, ड्राविडाचा एकाच थराचा. तो फुगत नाही, नुसता किंचित वेगळा रंग येतो, आणि तोही खूप पुढे, १० ते १३ या खंडांवर. बघणारा म्हणतो "पट्टाच नाही, पिल्लू दिसतंय" आणि सोडून देतो. पट्टा न दिसणारं मोठं, भरलेलं गांडूळ मिळालं तर आधी ड्राविडाचा संशय घ्या. पोटाकडून १० व्या आणि ११ व्या खंडांमधल्या खाचेत एक जोडी छिद्रं शोधा, कधी ती छोट्या उंचवट्यावर असतात. ती नराची छिद्रं. इतक्या पुढे नराची छिद्रं आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्याही गटात नाहीत. आणि शेपटीचे केस? शेवटपर्यंत सरळ ओळींत, जोड्यांत.

या दोघांतला फरक मला इतका महत्त्वाचा का वाटतो ते सांगते. ब्राझीलमध्ये मनाऊसजवळ जंगल तोडून कुरणं केली, तेव्हा तिथली नाना जातींची गांडुळं गेली आणि पोन्टोस्कोलेक्स तेवढं राहिलं, फोफावलं. त्याच्या विष्ठेचे ओले गोळे एकमेकांत मिसळून पृष्ठभागावर घट्ट थर झाला, ज्यातून पाणी आणि हवा जाईना. १९९९ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे गांडुळं भरपूर म्हणून माती चांगली, हे नेहमीच खरं नसतं. कुठलं गांडूळ आणि त्याच्यासोबत आणखी कोण, हे बघावं लागतं. आपल्या देवराईत पाल्यातलं एक, वरच्या मातीतलं दुसरं, खोल मातीतलं तिसरं असे थराथराने राहणारे सोबती आहेत. त्यांतल्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठेच मिळत नाहीत. ही सोबत मोडली तर हौदातलं गांडूळ आणून त्यांची जागा भरता येणार नाही.

शेजारच्या एका काकांनी हौद रिकामा करताना मला विचारलं होतं, "ताई, ही गांडुळं देवळामागच्या राईत सोडतो, जमिनीला बरंच की!" मी त्यांना हौदातलं एक आणि राईतलं एक शेजारी ठेवून भिंगातून दाखवलं. एकाला १४ व्या खंडावर ती मोठी छिद्रं, दुसऱ्याला पट्टा असून नसल्यासारखा. "हा तर वेगळाच प्राणी आहे," ते म्हणाले, आणि हौदातली गांडुळं हौदातच राहिली. युड्रिलस, आयसेनिया यांच्याशी माझं वैर नाही. शेणाचं आणि पाल्याचं खत करायला ती उत्तम आहेत, माझ्याकडेही आहेत. ती शेणात, हौदात असावीत, राईत नाही, एवढंच.

निकाल लागला नाही तर

पट्टा नसलेली पिल्लं जमतील तेवढी केसांवरून गटात टाका आणि तिथेच थांबा. अंदाजाने नाव लिहिणं हे नाव न लिहिण्यापेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस त्यावर विसंबतो. "आठ केस, पट्टा नाही, शेपटीचे केस सरळ" एवढी नोंदही मोलाची आहे.

जातीपर्यंतचं नाव हवं असेल तर बाह्य खुणा बहुधा पुरत नाहीत. पेषणी (अन्न दळणारा भाग) किती आणि कुठे, शुक्रकोश (शुक्राणू साठवायच्या पिशव्या) कसे, हे आत बघावं लागतं. एखादं गांडूळ खरंच कुठल्या खुणेत बसत नसेल, तर दोन-तीन प्रौढ नमुने सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये सरळ करून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा, किंवा पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे तिथे विचारा. अल्कोहोलमध्ये रंग उडतो, म्हणून आधी जिवंतपणीचे फोटो काढा.

मला किंवा कुणालाही फोटो पाठवायचे असतील तर चार हवेत: पाठ, पुढचे तीसेक खंड पोटाकडून, धडाच्या मध्यावरचे केस जवळून, आणि शेपटीचे केस जवळून. शेजारी पट्टी किंवा एखादं नाणं ठेवा. सोबत तारीख, गाव, जागा (राई, आंब्याची बाग, भातखाचर, कुळागर), पाल्यात मिळालं की मातीत आणि किती खोल, हे लिहा.

बघून झालं की देशी असो वा बाहेरचं, जिथून काढलं त्याच खड्ड्यात सोडा, माती पुन्हा भरा, वर पाला पसरा. आणि एका बागेतून दुसऱ्या बागेत किंवा राईत जाताना फावडं, खुरपं आणि बुटांचे तळवे धुऊन घ्या, कोष मोहरीच्या दाण्याहून फार मोठे नसतात आणि चिखलाबरोबर सहज जातात. रोपवाटिकेतून रोप आणलंत तर पिशवीतली माती गोणपाटावर हाताने फोडून बघा आणि त्यात गांडूळ मिळालं तर लागवडीआधी त्याची शेपूट भिंगाखाली धरा.